चौदा टक्के कुणाचे? सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेल कराचं प्रकरण

ऑक्टोबर २०१५. सॅन फ्रान्सिस्कोच्या बसथांब्यांवर एअरबीएनबीच्या, म्हणजे लोकांच्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीच्या, नव्या जाहिराती लागल्या. प्रत्येक जाहिरात शहराच्या एखाद्या खात्याला लिहिलेल्या चिठ्ठीसारखी. सार्वजनिक वाचनालयाला सुचवलं होतं, की हॉटेल कराच्या १.२ कोटी डॉलरांतले काही वापरून वाचनालय रात्री जरा उशिरापर्यंत उघडं ठेवा. शिक्षण मंडळाला विनंती होती, की त्यातून शाळांमधले कलेचे तास टिकवा. पार्किंगचा दंड लावणाऱ्यांना सांगितलं होतं, की या पैशातून वेळ संपलेल्या मीटरांत नाणी टाका. खाली प्रेमपूर्वक सही, कंपनीची.

शहर खवळलं. कंपनीला लगेच माफी मागून जाहिराती उतरवाव्या लागल्या. जो कर कायद्याने भरावाच लागतो, तो देणगीच्या थाटात मिरवला की लोकांना झोंबणारच. शिवाय तो कंपनीच्या खिशातून जातही नाही. खोलीच्या भाड्यावर तो पाहुण्याकडून घेतला जातो, कंपनी फक्त तो पोचवते. पण मला या जाहिरातींतली खरी गंमत वेगळीच वाटते. वाचनालयाला सल्ला देणाऱ्याला वाचनालय कशावर चालतं तेच ठाऊक नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९९४ मध्ये वाचनालयासाठी वेगळा निधी राखून ठेवला आणि २००७ मध्ये तो पुढे चालू ठेवला. त्या निधीत मालमत्ता कराचा ठरलेला हिस्सा येतो. आणि १.२ कोटी डॉलर म्हणजे तरी किती? त्या वर्षी शहराचं अंदाजपत्रक ९ अब्ज डॉलरांच्या घरात होतं आणि एकूण हॉटेल कर ४० कोटींच्या आसपास. म्हणजे हॉटेल कराच्या शंभर डॉलरांत एअरबीएनबीचे साधारण तीन.

हा कर नेमका जातो कुठे, हे सॅन फ्रान्सिस्कोत पन्नास-साठ वर्षं वादाचं राहिलं आहे. दर किती असावा यापेक्षा पैसा कुठल्या खात्यात पडावा यावर तिथे जास्त भांडणं झाली. एका शहराचा एक कर घेऊन ती भांडणं क्रमाने पाहिली, तर स्थानिक कराचं राजकारण बरंच उलगडतं.

बिलाच्या तळाशी

कराचं कायद्यातलं नाव ‘ट्रान्झिएंट ऑक्युपन्सी टॅक्स’, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्यावरचा कर. बोलताना सगळे त्याला हॉटेल करच म्हणतात. सलग तीस दिवसांहून कमी राहणाऱ्याला तो लागतो. तीस दिवस किंवा जास्त राहिलात, तर तुम्ही पाहुणे नाही, रहिवासी ठरता आणि कर सुटतो. ही तीस दिवसांची रेघ लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे.

दर १९९६ पासून १४ टक्के आहे. त्याचे कायद्यात दोन तुकडे आहेत. ८ टक्के मूळ कर, त्यावर ६ टक्के अधिभार. रात्रीचं भाडं २०० डॉलर असेल तर १६ डॉलर मूळ कराचे आणि १२ अधिभाराचे, मिळून २८. बिल भरताना पाहुण्याला या दोन तुकड्यांशी काही देणंघेणं नसतं. शहराला मात्र असतं, कारण पुढे कलेसाठी जे पैसे बांधले गेले ते फक्त त्या ८ टक्क्यांतून. हॉटेलांच्या बिलावर याखेरीज पर्यटन सुधारणा जिल्ह्याची छोटी आकारणीही दिसते. ती पर्यटनाच्या प्रचारावर आणि मॉस्कोनी या अधिवेशन केंद्रावर खर्च होते आणि कायद्याने कर समजली जात नाही.

कर वसूल करून शहराच्या खजिनदाराकडे जमा करण्याची जबाबदारी हॉटेलची. तोवर हॉटेल त्या पैशाचं विश्वस्त. इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोळ सुरू झाला तो मध्ये तिसरा माणूस आल्यावर. एखाद्या संकेतस्थळाने हॉटेलकडून खोली १५० डॉलरला घेतली आणि पाहुण्याला २०० ला विकली, तर कर कशावर? हॉटेलला मिळालेल्या १५० वर, की पाहुण्याने मोजलेल्या २०० वर? कॅलिफोर्नियातल्या अनेक शहरांनी यावर वर्षानुवर्षं खटले लढवले. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन दिएगोच्या प्रकरणात संकेतस्थळांच्या बाजूने निकाल दिला. तिथल्या अध्यादेशाची भाषा पाहता कर हॉटेल आकारतं त्या भाड्यावर, मधल्या कंपनीच्या नफ्यावर नाही. अध्यादेश लिहिले गेले तेव्हा खोली विकणारा आणि खोली देणारा वेगळा असेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१९६१ ते १९७३

सॅन फ्रान्सिस्कोने हॉटेल कर लावला १९६१ मध्ये. त्यामागचा विचार व्यवहारी होता. लोक या शहरात ऑपेरा, संग्रहालयं, मिरवणुका पाहायला येतात, तर त्यांच्याकडून चार पैसे घेऊन ते ऑपेरा, संग्रहालयं आणि मिरवणुकांवरच घालावे, म्हणजे आणखी लोक येतील. यातूनच पुढे ‘ग्रँट्स फॉर द आर्ट्स’ हे खातं नावारूपाला आलं. या खात्याचा एक गुण कलावंतांकडून हमखास ऐकायला मिळतो. ते एखाद्या प्रकल्पापुरतं अनुदान देत नाही, संस्था चालवायला देते. जागेचं भाडं, कारकुनाचा पगार, दिव्याचं बिल. ज्याने कधी छोटी नाट्यसंस्था चालवली आहे, त्याला या पैशाची किंमत सांगावी लागत नाही. नवं नाटक बसवायला देणगीदार मिळतो, दिव्याचं बिल भरायला मिळत नाही.

पण हॉटेल कराच्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग कलेशी संबंधित नाही.

साठच्या दशकात मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला येर्बा बुएना नावाचा भाग पाडून तिथे अधिवेशन केंद्र, हॉटेलं आणि कार्यालयं उभारण्याची योजना निघाली. त्या भागात स्वस्त निवासी हॉटेलं होती. निवृत्त खलाशी, गोदी कामगार, मासळीच्या कारखान्यांत आयुष्य काढलेले एकटे म्हातारे तिथे एकेका खोलीत वर्षानुवर्षं राहत. कायद्याच्या भाषेत हे सगळे तीस दिवसांच्या रेघेपलीकडचे, म्हणजे हॉटेलात राहणारे पण हॉटेल कर न देणारे. पुनर्विकास संस्थेच्या लेखी ते अडथळा होते.

त्यांनी १९६९ मध्ये संघटना काढली. तिच्या नावाची आद्याक्षरं टीओओआर, अर्थ ‘पुनर्विकासाला विरोध करणारे भाडेकरू आणि मालक’. मूळचे युनियनवाले असल्याने सभा कशी घ्यायची, वकील कसा गाठायचा आणि माघार कधी घ्यायची नाही हे त्यांना शिकवावं लागलं नाही. जॉर्ज वुल्फ हे त्यांचे पुढारी, तेही जुने कामगार संघटक. मंडळी केंद्रीय न्यायालयात गेली. १९७० मध्ये न्यायाधीश स्टॅन्ली वायगेल यांनी रहिवाशांच्या पुनर्वसनाची धड सोय नसल्याचं पाहून काम रोखलं.

१९७३ मध्ये तडजोड झाली. शहराने त्याच परिसरात वृद्धांसाठी परवडणारी सुमारे ४०० नवी घरं बांधण्याचं मान्य केलं आणि त्यासाठी हॉटेल कर अर्ध्या टक्क्याने वाढवला. ज्या पर्यटकांसाठी या लोकांच्या खोल्या पाडल्या जात होत्या, त्याच पर्यटकांच्या बिलातून त्यांची नवी घरं. या अर्ध्या टक्क्यातला न्याय मला आजही चोख वाटतो. दानधर्माचा वास नाही, कारण नुकसान आणि भरपाई यांचा थेट धागा तिथे दिसतो. विकासाची झळ ज्याला बसते त्याला विकासाच्या उत्पन्नातून वाटा, हे बोलायला सोपं. इथे ते कराच्या दरात लिहिलं गेलं.

पहिली इमारत १९७९ मध्ये राहायला खुली झाली. तिला नाव दिलं वुल्फ हाउस. अधिवेशन केंद्रही झालं, १९८१ मध्ये. १९७८ मध्ये ज्यांची हत्या झाली ते महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांचं नाव त्याला मिळालं. त्याच्या रोख्यांची परतफेडही हॉटेल करातूनच.

बाहेरच्यांचा पैसा

याच सुमाराला कॅलिफोर्नियाच्या स्थानिक अर्थकारणाची पायाभरणी बदलली. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे राज्याच्या मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या प्रस्तावाने, मालमत्ता कराला एक टक्क्याची वेसण घातली आणि करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढेल असं बांधून टाकलं. शहरांचा हक्काचा झरा आटला. मग जो मतदार नाही त्याच्याकडे नजर वळणं साहजिक होतं. पाहुणा दोन रात्री राहतो, बिल भरतो, निघून जातो. तो निवडणुकीत हिशेब मागायला येत नाही. हॉटेल कर टप्प्याटप्प्याने चढत १४ टक्क्यांवर पोचला तो या काळात.

तरी मतदार दर वेळी हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तयार असतात असंही नाही. २०१० मध्ये दर आणखी दोन टक्क्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी फेटाळला. हॉटेलांत हजारो स्थानिक लोक नोकरीला आहेत, पर्यटक कमी झाले तर पहिला फटका त्यांना. पाहुण्याला मत नसलं तरी त्याची खोली झाडणारीला असतं.

प्रपोझिशन १३ ने आणखी एक पाचर मारून ठेवली, १९९६ च्या प्रपोझिशन २१८ ने ती पक्की केली. कर सर्वसाधारण खात्यात जाणार असेल तर मतदारांचं साधं बहुमत पुरतं. नगरपालिकेला तोच कर विशिष्ट कामासाठी बांधायचा असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे ‘पैसे द्या, काय करायचं ते आम्ही बघू’ म्हणणाऱ्या नगरपालिकेचं काम सोपं, आणि ‘हे पैसे वृद्धांच्या घरांसाठीच वापरू’ असं वचन देणाऱ्या नगरपालिकेचं अवघड. उलटं असायला हवं होतं असं कुणालाही वाटेल. पण राज्याच्या घटनेतच तसं लिहिलं आहे.

हवेच्या गाद्या

ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइनची एक परिषद होती आणि हॉटेलं भरलेली होती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोघांनी घरभाड्याला हातभार म्हणून आपल्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. पुढच्या वर्षी नेथन ब्लेचार्झिक यांना घेऊन कंपनी सुरू झाली. तीस दिवसांची रेघ इथे दुसऱ्यांदा आडवी आली, कारण निवासी घरं तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने द्यायला या शहरात बहुतेक ठिकाणी बंदी होती. भाड्याच्या घरांचा तुटवडा वाढू नये म्हणून केलेला तो जुना नियम होता.

मग २०१२ मध्ये शहराचे खजिनदार होझे सिस्नेरोस यांनी स्पष्ट केलं, की अशा घरगुती पाहुण्यांनाही हॉटेल कर लागू आहे.

परिस्थिती जरा नीट पाहा. नियोजन खात्याच्या दृष्टीने जे काम बेकायदा, त्यावर खजिनदाराच्या दृष्टीने कर देय. करशास्त्रात याला हरकत नाही. उत्पन्न कुठल्या मार्गाने आलं हे कर पाहत नाही. व्यवहारात मात्र कर भरणं म्हणजे अर्धा परवाना मिळाल्यासारखं असतं. ऑक्टोबर २०१४ पासून एअरबीएनबीने स्वतःहून १४ टक्के गोळा करून शहराला द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये मागची थकबाकीही भरली, तीही काही कोटी डॉलरांत. तोवर, ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस, महापौर एड ली यांनी नव्या अध्यादेशावर सही केलेली होती आणि १ फेब्रुवारी २०१५ पासून घरगुती भाडं कायदेशीर झालं. अटी अशा, की यजमान वर्षातले किमान २७५ दिवस त्या घरात स्वतः राहत असावा, तो घरात नसताना वर्षाला जास्तीत जास्त ९० रात्री भाड्याने द्याव्या, आणि शहराकडे नोंदणी करावी.

इथे एक बारीक गोष्ट बरेचजण सोडून देतात. कंपनी सगळ्या यजमानांच्या वतीने एकत्र विवरणपत्र भरत होती. पैसे आले, पण कुठल्या घरातून किती आले ते त्यातून दिसत नव्हतं. हॉटेलची वही खजिनदाराला तपासता येते, दारात जाऊन खोल्या मोजता येतात. हजारो घरांची वही एका कंपनीच्या संगणकात होती. नियोजन खात्याला नावं-पत्ते हवे होते, कारण कुणी नव्वदची मर्यादा ओलांडली हे त्याशिवाय कळणार कसं? नोंदणी करणारे यजमान संकेतस्थळावरच्या जाहिरातींच्या मानाने फारच थोडे होते. थोडक्यात, कर शंभर टक्के आणि नियमपालन नावापुरतं.

बसथांब्यावरच्या त्या चिठ्ठ्या या टप्प्यावर आल्या. नोव्हेंबर २०१५ च्या मतदानात प्रपोझिशन एफ होतं. ते मंजूर झालं असतं, तर घरगुती भाड्याला वर्षाला ७५ रात्रींची मर्यादा बसली असती. कंपनीने ते पाडायला ८० लाख डॉलरांहून अधिक खर्च केले. प्रस्ताव पडला, विरोधात साधारण ५५ टक्के मतं. जाहिरातींचा मथितार्थ ‘आम्ही कर भरतो’ एवढाच होता. कराचा असा उपयोग करता येतो, हे १९६१ च्या अध्यादेशात कुठे लिहिलेलं नव्हतं.

शहराने पुढच्याच वर्षी दुसऱ्या बाजूने पकड घट्ट केली. बिननोंदणीच्या घराचं बुकिंग घेतलं तर जबाबदारी संकेतस्थळाची, असा नियम केला. कंपनीने जून २०१६ मध्ये शहरावर खटला भरला, मे २०१७ मध्ये तडजोड झाली. जानेवारी २०१८ च्या मुदतीपर्यंत बिननोंदणीची घरं संकेतस्थळावरून काढली गेली आणि जाहिरातींची संख्या जवळपास निम्म्यावर आली.

या निर्णयाला श्रेय दिलं पाहिजे. प्रत्येक बंद जाहिरातीबरोबर शहर स्वतःचे १४ टक्के गमावत होतं. कराची चटक लागलेल्या नगरपालिका सहसा कर देणाऱ्या धंद्यावर कुऱ्हाड चालवत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोने घरांचा प्रश्न कराच्या वर ठेवला. तसं करणं त्यांना परवडलं, याचं कारणही मघाच्या हिशेबात आहे. घरगुती पाहुण्यांचा वाटा शंभरात तीनच होता.

दोन तृतीयांश

आता पुन्हा खर्चाकडे. कला आणि संग्रहालयांसाठी हॉटेल कराचे हिस्से वर्षानुवर्षं ठरलेले असत. मोठ्या संस्थांनाच बहुतेक पैसा जातो ही तक्रार जुनी होती. म्हणून १९९३ मध्ये ‘कल्चरल इक्विटी एंडोमेंट’ हा वेगळा निधी निघाला, ज्या समाजांच्या कलेला आजवर दारातच उभं केलं होतं त्यांच्यासाठी. पण मंदीनंतरच्या वर्षांत शहराने हा धागा सैल केला. हॉटेल कर सर्वसाधारण खात्यात, तिथून कलेला दर वर्षी अंदाजपत्रकाच्या मर्जीने काय मिळेल ते. गंमत अशी, की याच वर्षांत हॉटेल कराचं उत्पन्न भराभर वाढत होतं. वाढ झाली ती सर्वसाधारण खात्याची. त्याच काळात नाट्यसंस्था आणि चित्रकारांचे स्टुडिओ भाडं परवडत नाही म्हणून शहर सोडून जात होते.

२०१६ मध्ये प्रपोझिशन एस आलं. हॉटेल कराचा हिस्सा पुन्हा कलेसाठी आणि बेघर कुटुंबांच्या सेवांसाठी बांधून द्यावा असा प्रस्ताव. दर वाढवायचा नव्हता, फक्त वाटणी. जवळजवळ ६४ टक्के मतदार हो म्हणाले आणि प्रस्ताव पडला, कारण लागत होते ६६.६७. शंभरातल्या चौसष्टांना हवी असलेली गोष्ट न होणं याची चीड कलावंतांना आली, ती समजण्यासारखी आहे.

दोन वर्षांनी तेच गाडं प्रपोझिशन ई म्हणून परत आलं, या वेळी हलकं होऊन. बेघर कुटुंबांचा भाग त्यात नव्हता. मागणी लहान होती, मूळ ८ टक्क्यांतले जास्तीत जास्त १.५ टक्के कला आणि संस्कृतीसाठी. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ७५ टक्के मतांनी ते मंजूर झालं.

२०० डॉलरच्या खोलीवरच्या २८ डॉलरांतले हे तीन. वर्षाला साधारण ३.२ कोटी डॉलर धरले होते. त्यातला अर्धा वाटा, १.६३ कोटी, ‘ग्रँट्स फॉर द आर्ट्स’ला. ६४ लाख ‘कल्चरल इक्विटी’ निधीला, ३८ लाख शहराच्या सांस्कृतिक केंद्रांना, ३० लाख सांस्कृतिक जिल्ह्यांना आणि उरलेले २५ लाख नव्या गरजांसाठीच्या निधीला. यातले सांस्कृतिक जिल्हे हा नवा आणि रोचक भाग आहे. जपानटाउन, लॅटिनो वस्तीचा कॅले २४, फिलिपिनो समाजाचा सोमा पिलिपिनास अशा भागांना शहराने अधिकृत ओळख दिली. येर्बा बुएनात जे झालं ते पुन्हा होऊ नये, एखाद्या समाजाचा भाग त्याच्या हातून निसटू नये, ही त्यामागची धडपड. सोमा पिलिपिनास तर त्याच मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला आहे.

‘जास्तीत जास्त’ हा शब्द मतदान करताना किती जणांनी वाचला असेल?

रिकाम्या खोल्या

मार्च २०२० मध्ये शहर बंद झालं. त्याआधीच्या पूर्ण वर्षी, म्हणजे २०१८–१९ मध्ये, हॉटेल कर ४० कोटी डॉलरांच्या वर गेला होता. २०२०–२१ मध्ये तो त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला. कुठलाही दुसरा मोठा स्थानिक कर असा कोसळला नाही. मालमत्ता कर तर जवळजवळ हललाच नाही. घर रिकामं असलं तरी मालमत्ता कर भरावा लागतो, खोली रिकामी असली की हॉटेल कर शून्य.

कलासंस्थांवर दोन्हीकडून घाव पडला. तिकीटखिडकी बंद, आणि ज्या अनुदानाच्या भरवशावर दिव्याचं बिल भरायचं तेही पाहुण्यांवर अवलंबून. १९६१ चा तो व्यवहारी विचार, कलेमुळे पाहुणे आणि पाहुण्यांमुळे कला, चालताना जितका सुंदर, थांबल्यावर तितकाच क्रूर. चांगल्या वर्षांत गंगाजळी साठवायची आणि वाईट वर्षांत काढायची, एवढी साधी तरतूद अशा कराला जोडलीच पाहिजे असं माझं मत आहे. कराचा दर ठरवताना जितका खल होतो, त्याच्या दशांशही खल यावर होत नाही.

त्याच वर्षी एक उलटापालटही घडली. शहराने सुमारे २५ हॉटेलांतल्या दोन हजारांहून जास्त खोल्या स्वतःच भाड्याने घेतल्या आणि त्यांत बेघर लोकांना ठेवलं. केंद्राच्या आपत्ती निधीतून बराच खर्च परत मिळणार होता. पर्यटक नसलेल्या हॉटेलांत पहिल्यांदाच असे लोक राहिले ज्यांना या शहरात घर नव्हतं. महिनोन् महिने राहिले, म्हणजे तीस दिवसांच्या रेघेच्या पलीकडे.

सावरणं सावकाश झालं. मॉस्कोनी केंद्राचा ५५.१ कोटी डॉलरांचा विस्तार जानेवारी २०१९ मध्ये पुरा झाला होता. त्याच वर्षाच्या शेवटी ओरॅकल कंपनीने आपलं प्रचंड वार्षिक अधिवेशन लास वेगासला हलवत असल्याचं कळवलं. जून २०२३ मध्ये युनियन स्क्वेअरजवळचं हिल्टन आणि पार्क ५५ या दोन हॉटेलांच्या मालक कंपनीने ७२.५ कोटी डॉलरच्या कर्जाचे हप्ते थांबवले. दोन्ही मिळून जवळपास २,९०० खोल्या. अंदाजपत्रकाच्या तक्त्यात १४ टक्के दिसतात, या खोल्या दिसत नाहीत.

हॉवर्ड स्ट्रीटवर चौथ्या रस्त्याच्या कोपऱ्याशी उभं राहिलं की मॉस्कोनी वेस्टची काचेची इमारत समोर दिसते. परिषद असेल त्या दिवशी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली गर्दी, नसेल त्या दिवशी शुकशुकाट. रस्त्याच्या अलीकडे वुल्फ हाउस आहे. त्यातल्या घरांत दिवे दोन्ही दिवशी लागतात.